लाडी आणि सात टोपल्या

रोज उन्हं कलली की मी मैदानात शंकू मांडते आणि अंधार पडायच्या आत उचलून ठेवते. वाशीमच्या बाहेर एका शेतमालकाने मुलांना घोडेस्वारी शिकवायला हे मैदान केलं आहे, चार घोडी आहेत, आणि शिकवायला मी. शंकू चौदा. ठेवताना वाकायचं, उचलताना वाकायचं, घोड्याचा पाय लागून पडले की पुन्हा वाकायचं. पन्नाशी उलटून गेली, कंबर आता बोलायला लागली आहे. नवीन शंकू घ्यायची वेळ आली की मालक मलाच विचारतात, आणि मी दरवेळी तेच सांगते. मऊ घ्या. कडक प्लास्टिक आमच्या उन्हात दोन महिन्यांत तडकतं आणि तडकलेली कड घोड्याच्या पायाला लागते. फार हलके घेऊ नका, वैशाखातल्या वाऱ्यात ते घोड्याच्या आधी पळतात. फार जडही नकोत, पाय लागला तर मुकाट्याने आडवे पडले पाहिजेत. उंची गुडघ्याइतकी पुरे. रंग भडक, कारण घोड्यापेक्षा वरच्या पोराला ते दुरून दिसायला हवेत.

एवढं झालं की मुलांना माझा एक नियम सांगते. शंकूपाशी घोड्याला काहीही चारायचं नाही. गाजर नाही, गूळ नाही, केळ्याचं साल नाही. द्यायचं ते मैदानाबाहेर, दावणीला बांधल्यावर. या नियमापायी मी लहान लहान पोरांना रडवलं आहे. एका मुलीची आई तर माझ्याशी भांडायला आली होती, की पोरीने जीव लावून एक गाजर दिलं तर एवढं ओरडायचं काय कारण. मी तिला कारण सांगितलं नाही. सांगायचं म्हटलं असतं तर आमच्या घरापासून सुरुवात करावी लागली असती, आणि मला त्या दिवशी फार थकवा आला होता. आज इथे सांगते.

आमचं गाव रिसोडपासून पायी दीड तासावर. बाबांचं तीन एकर रान होतं, आणि लाडी होती. लाडी म्हणजे आमची वरातीची घोडी. पांढरी, नाकाशी राखेत तोंड घातल्यासारखी करडी, डोळ्यांनी गरीब. तिची जागा आमच्या स्वयंपाकघराच्या कुडापलीकडे होती, त्यामुळे माझं सगळं लहानपण तिच्या चावण्याच्या आवाजात गेलं. माय इकडे भाकरी थापायची, पलीकडे लाडी कडबा चावायची, आणि दोन्ही आवाजांची लय कधी कधी इतकी जुळायची की माय थापताना थांबली तर लाडीही थांबे. माय म्हणायची, "हे घोडी मागल्या जन्मी माही सासू होती, म्या काम थांबवलं की लगेच कान टवकारते."

वरातीत नवरदेव घोडीवर बसतो आणि घोडीवाला चालतो. लोकांच्या लक्षात फक्त नवरदेव राहतो. बाबा लाडीच्या तोंडापुढे, लगाम आखूड धरून, पुष्कळदा उलटं चालायचे, कारण पुढे फटाके, मागे बँड आणि बाजूला नाचणारे असले की घोडीला एकच ओळखीचं तोंड समोर दिसत राहिलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. दोन-दोन तास उलटं चालल्याने त्यांचे गुडघे जेठ संपेस्तोवर भोपळ्यासारखे सुजत. माय रुईची पानं तव्यावर गरम करून, तेल लावून त्यांच्या गुडघ्यांवर बांधायची. बाबा डोळे मिटून म्हणायचे, "अजून दोन लग्नं हायेत, मंग बसतो." मग दोनाची चार व्हायची. लग्नाहून येताना ते धडप्याच्या गाठीत बुंदी आणायचे, कधी रोडगे आणि वांग्याची भाजी. उन्हाळाभर आम्ही लोकांच्या लग्नांतलं जेवत होतो. मला ते दिवस चवीने आठवतात, आणि चवीच्या मागोमाग त्या शेकलेल्या रुईचा वास येतो.

मी नववीत असताना एक जीप आमच्या दारात आली. जवळच एक निवासी शाळा निघाली होती, तिथे मुलांना घोड्यावर बसायला शिकवणार होते. त्या शाळेचे घोड्यांचे सर जीपमधून उतरले. फौजेतून निवृत्त झालेले, ताठ, बोलायला मात्र मऊ. त्यांनी लाडीचे पाय चाचपले, दात पाहिले, कानामागे खाजवलं. म्हणाले, "घोडी शांत आहे. मला अशीच हवी आहे, आणि तिच्याबरोबर तिचा माणूसही हवा आहे." बाबांना शाळेवर कायमचं काम, राहायला खोली, लाडीला तबेला. मुलांना घेऊन मैदानात सावकाश फिरवायचं, बस. फक्त एक परीक्षा होती. तीन आठवड्यांनी लाडीला शाळेत आणायचं, पाठीवर एक मूल बसवायचं आणि ओळीने मांडलेल्या सात शंकूंमधून तिने नागमोडी चालून दाखवायचं, न थांबता, न बिचकता. सरांनी अंगणात रेघोट्या ओढून दाखवलं. चालीत असली तर दोन शंकूंत चार ढांगांचं अंतर, दुडकीत असली तर सात.

जीप गेल्यावर बाबा बराच वेळ त्या रेघोट्यांकडे पाहत उभे होते. मग मायला म्हणाले, "सरळ चालाचं काम हाये वं. उलटं नाई." मायने तोंडाला पदर लावला. मला तेव्हाच कळलं की हे झालंच पाहिजे.

शंकू आमच्याकडे कुठले. सर आपला एखादाही ठेवून गेले नव्हते, आणि मागायला बाबांना संकोच वाटला. बाबांनी आधी मडकी पालथी मांडली. माय म्हणाली, "फुटलं तं खापरी खुरात जाईन." मडकी परत आली. विटा मांडल्या, तर बाबांनाच पटेना. घोडी अडखळली तर तिचा गुडघा फुटायचा, आणि या घरात फुटके गुडघे एका माणसाचे पुरे होते. मग त्यांनी कडब्याच्या पेंढ्या उभ्या केल्या. दिसायला झकास शंकू झाले. लाडीने पहिला शंकू खाल्ला, दुसरा खाल्ला, तिसऱ्यापाशी बाबांनी तिला ओढून काढली. रंगाचे रिकामे डबे ठेवले तर त्यांचा खणखणाट ऐकून ती मागच्या मागे सरायला लागली. शेवटी बाबांनी शेजारीपाजारी फिरून बांबूच्या सात टोपल्या गोळा केल्या, त्यांना गेरू फासला आणि पालथ्या घातल्या. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आत ओल्या मातीची छोटी थैली. उंची गुडघ्याइतकी, रंग तांबडा, पाय लागला तर सरकणार, लागणार नाही. आज चांगल्या दुकानातला शंकू घेताना मी जे जे पाहते, ते सगळं त्या टोपल्यांत होतं.

पहिले चार दिवस सोन्यासारखे गेले. बाबा लाडीला धरून टोपल्यांमधून न्यायचे, मी तिच्या पाठीवर. आणि मग कोंबडी झाली.

आमच्याकडे अंगणात टोपली पालथी दिसली की बाईमाणूस तिच्याखाली कोंबडी झाकते. यात विचार करायचा नसतो, हात आपोआप जातो. मायने पाचव्या दिवशी दुपारी खुडूक कोंबडीला पकडलं आणि जवळची टोपली उचलून तिच्यावर घातली. ती टोपली ओळीतली तिसरी होती. संध्याकाळी लाडी डुलत डुलत तिसऱ्या टोपलीपाशी आली, तिचं नाक जवळ गेलं आणि टोपली किंचाळली. लाडी दोन पायांवर उभी राहिली. मी उकिरड्यावर पडले, मला काही झालं नाही. लाडी पार नाल्यापर्यंत पळाली. बाबांनी तिला परत आणलं तेव्हा तिच्या अंगाला फेस होता. कोणाला ओरडायचं ते बाबांना कळेना. मायने कोंबडी काढली, छातीशी धरली आणि इतकंच म्हणाली, "मले कुठी ध्यानात रायते, हो." रात्री ती जेवली नाही.

त्यानंतर लाडी टोपल्यांच्या आसपास फिरकेना. दहा ढांगांवरूनच तिचे पाय रोवले जायचे. एक-दोन नव्हे, सातही टोपल्या तिच्या लेखी भुताच्या झाल्या होत्या. परीक्षेला दोन आठवडे राहिले होते. बाबांनी कामाची वाटणी केली. सकाळी ते एकटे तिला फिरवणार, दुपारी माय तिला अंगणातून पाणी पाजायला नेणार, शाळा सुटल्यावर मी. फार माणसं भोवती असली की जनावर बावचळतं, म्हणून एकाच्या वेळेला दुसऱ्याने यायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता.

आता मी काय केलं ते लिहिते. मी मायच्या डब्यातून गुळाचा खडा घेतला, त्याचे सात तुकडे केले आणि एकेका टोपलीच्या कडेखाली एकेक सरकवला. लाडीला वास आला. आधी मान लांब केली, मग एक पाय टाकला, मग दुसरा. पहिला तुकडा तिला मिळायला पाऊण तास लागला. तिसऱ्या दिवशी ती आपण होऊन टोपल्यांकडे ओढायला लागली. मला आकाश ठेंगणं झालं. गूळ हळूहळू कमी करायचा, शेवटचे चार दिवस बंद करायचा, असं मी ठरवलं होतं. पण बंद केला की ती टोपलीपाशी उभी राहून माझ्याकडे वळून पाहायची, आणि माझा धीर सुटायचा. रोज संध्याकाळी बाबा विचारायचे, "जाते काय बरोबर?" मी म्हणायची, "जाते. अन् तुमच्यासंग?" ते म्हणायचे, "जाते ना. अशी जाते." आणि हाताने हवेत साप काढून दाखवायचे. मला वाटायचं, बाबांबरोबर जाते म्हणजे माझा गूळ हा नुसता लाड आहे, त्याने काही बिघडत नाही.

घरात तेव्हा काही बारीकसारीक गोष्टी चालल्या होत्या, त्या मी पाहत होते आणि पाहत नव्हते. माय म्हणायची, "या गुळाले पाय फुटले काय?" मी खाली मान घालून जेवायची. चण्याच्या पोत्याकडे पाहून बाबा म्हणायचे, "उंदीर लई झाले औंदा." माय स्वतःच्या पानातली भाकर कोरभर कमी खायची, ती कोंबडीच्या दुःखाने असेल असं मी समजले. टोपल्यांकडे मुंग्यांच्या रांगा लागायच्या, त्या मी पायाने पुसून टाकायची.

परीक्षेच्या दिवशी मायने लाडीची आयाळ धुतली, बाबांनी लग्नातलं धोतर नेसलं. आम्ही पहाटे निघालो, मी आणि बाबा पायी, लाडी मोकळी. शाळेचं मैदान सपाट, रेती टाकलेलं. सात शंकू ओळीने उभे होते, तांबडे, चकचकीत, माझ्या आयुष्यातले पहिले खरे शंकू. लाडीच्या पाठीवर शाळेतली एक लहान मुलगी बसवली, डोक्याला टोप बांधून. बाबांनी लगाम सैल धरला आणि निघाले.

लाडी पहिल्या शंकूपाशी गेली आणि थांबली. नाक खाली केलं, शंकू ढोसला, आडवा पाडला, त्याच्याखाली पाहिलं. रेतीच होती. ती वाट पाहत उभी राहिली. बाबांनी टिचकी मारली, तशी ती निघाली आणि दुसऱ्या शंकूपाशी थांबली. बिचकली मात्र कुठेच नाही. इतक्या सभ्यपणे थांबत होती की बघ्या मुलांना आधी वाटलं, असंच असतं. मग कोणीतरी हसलं आणि सगळीच हसायला लागली. तिसरा, चौथा, पाचवा. एकही शंकू तिने सोडला नाही. मी कुंपणापाशी उभी राहून एकेक शंकू मोजत होते. सातव्यापाशी ती सगळ्यात जास्त वेळ थांबली. ढोसून झालं, हुंगून झालं, मग तिने मान वळवून बाबांकडे पाहिलं.

सर जवळ आले. रागावले नाहीत. "हिला काही सवय लावली आहे का?" एवढंच विचारलं. मी तोंड उघडणार होते. खरंच उघडणार होते, असं मी पुढे वर्षानुवर्षं स्वतःला सांगितलं. तेवढ्यात बाबांनी टोपी काढली आणि म्हणाले, "वरातीतली घोडी हाये साहेब. दारोदार थांबाची सवय. बायका पायावर पाणी घालतात, चण्याची दाळ देतात. त्याले तिचा इलाज नाई." सर म्हणाले, "मुलांखाली अशी घोडी चालणार नाही, दादा." मग त्यांनी आम्हाला चहा पाजला. चहा पिऊन झाल्यावर बाबा मैदानात परत गेले आणि लाडीने पाडलेले सातही शंकू एकेक करून उभे केले, ओळ बरोबर आहे का ते एक डोळा मिटून पाहिलं, मगच निघाले.

परतीच्या वाटेवर त्यांनी रिसोडच्या स्टँडवर मला भजी घेऊन दिली, स्वतः घेतली नाहीत. घरी मायने तोंडं पाहूनच ओळखलं आणि रुईची पानं तव्यावर टाकली. टोपल्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या. त्यांचा गेरू कितीतरी दिवस गावातल्या कोंबड्यांच्या पाठीला लागलेला दिसायचा.

बाबा पुढची पुष्कळ वर्षं वरातींपुढे उलटे चालत राहिले. लाडी म्हातारी होऊन आमच्याच गोठ्यात वारली, तिच्या जागी दुसरी आली, मग लोक मोटारीतून वराती काढायला लागले. तोवर बाबांचा उजवा गुडघा वाकायचा बंद झाला होता. मी घोड्यांचं काम सोडलं नाही. कशी शिकले, कुठे कुठे राबले, ते सांगत बसत नाही. इतकंच सांगते, की ज्या ज्या वेळी बाबा भिंत धरून उठायचे, त्या त्या वेळी मी मनात सात तुकडे मोजायची.

माय गेली त्यालाही आता वर्षं झाली. बाबा माझ्याकडे असतात, ऐंशीच्या पुढे आहेत. परवा संध्याकाळी मैदानावरून आले, मी दमलेली, ते खाटेवर. त्यांच्या गुडघ्याला तेल चोळायला बसले. ते म्हणाले, "आज काहून एवढी कावली?" मी म्हटलं, एका पोराने शंकूपाशी घोड्याला बिस्कीट चारलं, मी त्याला फार बोलले. "कायले बोल्ली वं? लेकरू हाये." आणि मग माझ्या तोंडून ते गेलंच. इतकी वर्षं नीट शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही वापरला नाही. म्हटलं, "बाबा, तुमची नोकरी मी घालवली. मी टोपल्यांखाली गूळ ठेवत होते. लाडी म्हणून थांबली. वरातीचं काही नव्हतं."

बाबांनी कान माझ्याकडे केला. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मग ते हळूच म्हणाले, "गूळ?"

"हो. रोज."

"म्या तं चणे ठेवले," ते म्हणाले.

माझा हात त्यांच्या गुडघ्यावर थांबला.

"सकाळी मूठभर न्यो, साताईखाली टाको. तुले म्हणो, जाते. कायची जाते. चणे नसले की टोपलीपाशी खांबासारखी उभी. अन् साहेबाले म्या खोटं सांगतलं. लाडी वरातीत कवाच आपल्या मनानं थांबली नाई. मी थांबो, तवा ते थांबे. बिचारीचं नाव म्या खराब केलं. इतकी वर्सं तेच मनात हाये."

मला वाटत होतं, त्यांच्या गुडघ्यांचं ओझं मी एकटी वाहते आहे, आणि ते तिकडे घोडीची बदनामी एकटे वाहत होते, एकाच घरात, एकाच कुडाआड.

"अन् तुही माय," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या खांद्यांना हसू यायला लागलं, "तुही माय दुपारी भाकरीचा कोर ठेवे. म्या एक डाव कुडाआडून पाह्यलं. कोंबडीचं पाप फेडून राह्यली होती. म्या काई बोल्लो नाई. म्हटलं, ठेवू दे."

मला मायच्या ताटातली ती कमी भाकर आठवली. मी रडत होते की हसत होते, ते मला अजून नीट सांगता येत नाही. बाबा मात्र हसत होते, खोकला येईपर्यंत, डोळे पुसत.

"सकाळी चणे, दुपारी भाकर, संध्याकाळी गूळ," ते म्हणाले. "साताच्या साती टोपल्याईपाशी थांबली ना ते त्या दिवशी? एक बी सोडली नाई ना?"

"एकही नाही."

"मंग पास झाली वं लाडी," बाबा म्हणाले, आणि डोळे मिटून घेतले. मी पुन्हा तेल घेतलं आणि त्यांचा उजवा गुडघा चोळत राहिले.